पाण्याची गोळी : देहातील मीठ-पाण्याचा जमाखर्च

(द्वितीय वर्ष, कला)

'पाण्याची गोळी' हा शब्द आता खेड्यापाड्यांतही सर्वांच्या परिचयाचा झाला आहे. रक्तदाब वाढलेला असो, हृदय अशक्त झालेले असो किंवा पायांवर सूज असो, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ही गोळी पुष्कळदा असते. घरची माणसे सांगतात, "त्यांना सकाळी एक प्रेशरची आणि एक पाण्याची गोळी चालू आहे." नाव ऐकून वाटते, की ही गोळी अंगात पाणी भरीत असेल. प्रत्यक्षात ती पाणी बाहेर काढते. अधिक नेमके बोलायचे तर ती मीठ बाहेर काढते आणि मिठामागोमाग पाणी जाते. वैद्यकात अशा औषधांना मूत्रल औषधे म्हणतात.

परंतु देहात मीठ किती ठेवायचे आणि पाणी किती ठेवायचे, हे ठरविणारी एक व्यवस्था आपल्या शरीरात गोळी येण्याच्या आधीपासूनच असते. ती व्यवस्था म्हणजे संप्रेरके, ज्यांना आपण हॉर्मोन म्हणतो. संप्रेरके आणि मूत्रल औषधे यांची ओढाताण कशी चालते आणि त्यात रुग्णाचे काय होते, हे समजावून सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. माझे विषय मराठी आणि इतिहास. तेव्हा वैद्यकावर लिहिण्याचा हिला काय अधिकार, असे कोणी विचारील. अधिकार मुळीच नाही. गरज मात्र आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मीच पहिली. त्यामुळे दवाखान्यातून येणारा प्रत्येक कागद माझ्या हाती दिला जातो आणि "यात काय लिहिलंय गं?" हा प्रश्न मलाच विचारला जातो. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखी मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या हातीही असे कागद येत असतील, म्हणून हा विषय निवडला.

काकडी, आमटी आणि आपले शरीर

प्रौढ पुरुषाच्या वजनाचा सुमारे ६० टक्के आणि स्त्रीच्या वजनाचा सुमारे ५० टक्के भाग पाणी असतो. वय वाढते तसे हे प्रमाण घटत जाते. ६० किलो वजनाचा पुरुष घेतला, तर त्याच्या अंगात सुमारे ३६ लिटर पाणी भरते. त्यातील २४ लिटर पेशींच्या आत असते आणि १२ लिटर पेशींच्या बाहेर. बाहेरच्या १२ लिटरांपैकी जेमतेम ३ लिटर रक्तातील द्रवाच्या रूपाने वाहिन्यांतून फिरत असते. बाकीचे पेशींच्या भोवती झिरपलेले असते.

या दोन ठिकाणच्या पाण्यांतील क्षार सारखे नसतात. बाहेरच्या पाण्यात सोडियम अधिक असते. रक्ताच्या तपासणीत त्याचा आकडा लिटरला १३५ ते १४५ मिलिइक्विव्हॅलंट असा येतो. पोटॅशियमचा आकडा मात्र ३.५ ते ५ एवढाच असतो. पेशीच्या आत याच्या नेमके उलट असते. तेथे पोटॅशियम १४० च्या आसपास आणि सोडियम अगदी थोडे. हा फरक आपोआप राहत नाही. पेशीच्या आवरणात एक पंप अखंड चालू असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली या पंपाचा शोध प्रसिद्ध केला आणि त्यासाठी त्यांना १९९७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश आणि हृदयाचे ठोके या फरकावरच चालतात.

आता पाण्याचा स्वभाव पाहू. कोशिंबिरीसाठी चिरलेल्या काकडीला मीठ लावून ठेवले, की थोड्या वेळाने तिला पाणी सुटते. जिकडे क्षार अधिक तिकडे पाणी जाते. शरीरातही तोच न्याय आहे. पेशीबाहेरील सोडियमचे प्रमाण वाढले, तर पेशींतील पाणी बाहेर येते व त्या आक्रसतात. ते प्रमाण घटले, तर पाणी पेशींत शिरते आणि त्या फुगतात. इतर अवयवांच्या पेशी थोड्या फुगल्या तर निभावते. मेंदू मात्र कवटीच्या कठीण पेटीत असतो. त्याला फुगायला जागाच नसते. म्हणून सोडियम घसरले, की पहिली तक्रार मेंदूकडून येते. मळमळ, डोकेदुखी, तोल जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी आणि शेवटी झटके, असा तो क्रम आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. रिपोर्टातील सोडियमचा आकडा शरीरातील एकूण मीठ किती ते सांगत नाही. मीठ आणि पाणी यांचे प्रमाण सांगतो. आमटी अळणी लागली, तर मीठ कमी पडले की पाणी जास्त झाले, हे केवळ चवीवरून कळत नाही. पातेल्यात आमटी एक वाटी आहे की दहा वाट्या, हेही कळत नाही. त्यामुळे एखाद्या रुग्णाच्या अंगावर सूज असते, म्हणजे देहात मीठ आणि पाणी दोन्ही जास्त असतात, आणि तरीही रिपोर्टात सोडियम कमी येते. अशा वेळी "सोडियम कमी आहे ना, मग मीठ जास्त खाऊ द्या" असे घरच्यांनी ठरविले, तर सूज आणखी वाढेल. एक लिटर सूज म्हणजे त्यात सुमारे आठ ग्रॅम मीठ अडकलेले असते, असा हिशेब आहे.

रोजचे दीड किलो मीठ

हा जमाखर्च सांभाळण्याचे काम मूत्रपिंडांचे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब वळणावळणाची नलिका जोडलेली असते. दिवसभरात या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते. आपण लघवी करतो ती दीड-दोन लिटर. म्हणजे उरलेले सारे पाणी नलिकांतून पुन्हा रक्तात घेतले जाते. सोडियमचे तसेच आहे. १८० लिटर पाण्यातून जे सोडियम गाळले जाते त्याचे मीठ मोजले, तर ते रोजचे जवळजवळ दीड किलो होते. आपण खातो ते फार तर दहा-बारा ग्रॅम. तेवढेच बाहेर जाऊ द्यायचे आणि बाकीचे दीड किलो परत आणायचे, असा हा रोजचा व्यवहार आहे.

नलिकेच्या पहिल्या भागात सुमारे ६५ टक्के सोडियम परत घेतले जाते. पुढे नलिका एक लांब वळसा घेते. तेथे सुमारे २५ टक्के परत येते. त्यापुढच्या भागात सुमारे ५ टक्के आणि अखेरच्या संचयी नलिकेत उरलेले दोन-तीन टक्के. हे आकडे मुद्दाम दिले आहेत, कारण निरनिराळी मूत्रल औषधे या निरनिराळ्या ठिकाणी अडसर घालतात. कोणत्या ठिकाणी अडसर घातला, यावर औषधाचा जोर आणि त्याचा उपद्रव दोन्ही अवलंबून असतात.

देहातले पाटकरी

कालव्याच्या पाण्यावर ज्यांची शेती आहे त्यांना पाटकरी ठाऊक असतो. कोणते दार किती उघडायचे, पाणी कोणाच्या शेतात किती वेळ सोडायचे, हे तो ठरवितो. आपल्या देहातील पाटकरी मुख्यतः तीन.

पहिले संप्रेरक व्हासोप्रेसिन. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होते आणि पोष ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सोडले जाते. रक्त एक-दोन टक्क्यांनी जरी दाट झाले, तरी ते सुटते आणि त्याच वेळी तहान लागते. संचयी नलिकेत पाण्याच्या ज्या सूक्ष्म वाटा असतात, त्या हे संप्रेरक उघडते. मग पाणी रक्तात परत जाते आणि लघवी दाट होते, अगदी रक्ताच्या चौपट दाट होऊ शकते. व्हासोप्रेसिन नसेल, तर लघवी पाण्यासारखी पातळ होते. या पाण्याच्या वाटांचा शोध अमेरिकेच्या पीटर एग्रे यांनी लावला व त्यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ध्यानात घ्यायचे ते हे, की व्हासोप्रेसिन केवळ पाणी राखते, मीठ राखत नाही. त्यामुळे ते नको तेव्हा सुटत राहिले, तर रक्त पातळ होऊन सोडियमचा आकडा घसरतो. मळमळ, तीव्र वेदना, शस्त्रक्रिया, न्यूमोनिया किंवा क्षयासारखे फुप्फुसाचे विकार यांत असे घडते. उलट डोक्याला मार लागून वा अन्य कारणाने हे संप्रेरक बंद पडले, तर रुग्णाला दिवसात दहा-दहा लिटरही लघवी होते.

दुसरे संप्रेरक अल्डोस्टेरॉन. मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी ते बनविते. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५३ साली ते वेगळे केले. मूत्रपिंडाकडे येणारे रक्त कमी पडले, की मूत्रपिंड रेनिन नावाचा पदार्थ सोडते. रेनिनचा शोध तर त्याहून जुना. स्टॉकहोममध्ये टिगरश्टेट आणि बेर्गमन यांनी तो १८९८ साली लावला. रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होते, त्याने रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडण्याचा इशारा मिळतो. अल्डोस्टेरॉन नलिकेच्या शेवटच्या भागात सोडियम परत घेते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडते. या अदलाबदलीवर पुढचे बरेचसे विवेचन उभे आहे.

अल्डोस्टेरॉन नसेल तर काय होते, हे टॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली वर्णिलेल्या रोगात दिसते. अधिवृक्क ग्रंथी नष्ट झालेल्या या रुग्णांचे सोडियम घटते, पोटॅशियम वाढते, रक्तदाब खाली जातो, कातडी काळवंडते आणि काहींना मीठ खाण्याची विलक्षण ओढ लागते. आपल्या देशात क्षयरोग हे या विकाराचे एक कारण आहे. ग्रंथीवर गाठ येऊन अल्डोस्टेरॉन अतोनात वाढले, तर उलट रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते.

तिसरे संप्रेरक हृदयातून येते. हृदय म्हणजे केवळ पंप, अशी समजूत होती. १९८१ साली कॅनडात अडोल्फो द बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयातील कर्णिकांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीवाटे मीठ व पाणी झपाट्याने बाहेर पडले. रक्ताचा भार वाढून हृदयाच्या भिंती ताणल्या, की हे संप्रेरक सुटते. शरीराने स्वतःच बनविलेले ते मूत्रल औषधच म्हणायचे.

यांखेरीज इन्शुलिनही या व्यवहारात आहे. ते साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत लोटते. म्हणून मधुमेहाच्या गंभीर अवस्थेत इन्शुलिन सुरू करताना डॉक्टर पोटॅशियमवर सारखी नजर ठेवतात. पोटॅशियम फार वाढलेल्या रुग्णाला ग्लुकोजसह इन्शुलिन देतात तेही याच कारणाने.

सुजलेल्या देहाला तहान का?

हृदय अशक्त झालेल्या रुग्णाकडे पाहा. पाय सुजलेले, पोटात पाणी, निजले की धाप. अंगात पाणी इतके जास्त असताना मूत्रपिंड ते बाहेर का टाकीत नाही? कारण मूत्रपिंडाला सूज दिसत नाही. त्याला कळते ते एवढेच, की आपल्याकडे येणारे रक्त कमी झाले आहे. दुबळ्या हृदयाने रक्त कमी ढकलले काय किंवा जखमेतून रक्त वाहून गेले काय, मूत्रपिंडाच्या लेखी दोन्ही सारखेच. मग रेनिन सुटते, अल्डोस्टेरॉन वाढते, व्हासोप्रेसिन वाढते, तहानही लागते. आधीच भरलेल्या शेतात पाटकरी आणखी पाणी सोडू लागतो. हृदयाचे स्वतःचे संप्रेरक याला विरोध करते. पण त्याचा जोर पुरत नाही. येथे मूत्रल औषधांची गरज लागते.

एका विद्यार्थ्याचे निरीक्षण

या औषधांचा इतिहास विद्यार्थ्यांना आवडण्यासारखा आहे. १९१९ साली व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकीय विद्यार्थी काम शिकत होता. तेथे उपदंश असलेल्या एका मुलीला पाऱ्याचे एक नवे इंजेक्शन देण्यात आले. वॉर्डातील परिचारिकांनी तिच्या रोजच्या लघवीचे माप तक्त्यावर नोंदवून ठेवले होते. इंजेक्शनाच्या दिवशी हे माप कितीतरी पटींनी वाढलेले फोग्लने पाहिले. मग सुजेच्या रुग्णांवर त्याचा प्रयोग झाला आणि त्यांची सूज उतरू लागली. पुढची तीन दशके पाऱ्याची इंजेक्शनेच वापरली जात होती. पारा विषारी, हे वेगळे सांगायला नको.

१९४९ साली बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी सल्फा जातीच्या औषधाने हृदयरोग्यांची सूज उतरते असे दाखविले. त्याच रसायनांत फेरफार करता करता १९५७ साली क्लोरोथायझाइड हाती आले आणि पोटात घेण्याजोगी, सौम्य, स्वस्त अशी पाण्याची गोळी जगाला मिळाली.

आज मुख्यतः तीन प्रकार वापरात आहेत. पहिला फ्युरोसेमाइड व टोरसेमाइड यांचा. ही औषधे नलिकेच्या लांब वळशावर काम करतात. जेथून २५ टक्के सोडियम परत येते तेथेच अडसर, म्हणून ही सर्वांत जोरकस. दुसरा थायझाइड जातीचा. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड ही त्यातली नावे. ती ५ टक्क्यांच्या जागी काम करतात, म्हणून सौम्य. आणि मुख्यतः रक्तदाबासाठी वापरतात. तिसरा स्पायरोनोलॅक्टोनचा. ते अल्डोस्टेरॉनची जागा अडवते, म्हणून सोडियम जाते पण पोटॅशियम राहते.

बिघाड कोठे होतो

पहिल्या दोन प्रकारांत पोटॅशियम घटते. त्याचे कारण वर आलेल्या अदलाबदलीत आहे. वरच्या भागात न अडवलेले सोडियम नलिकेच्या अखेरच्या भागात लोंढ्याने येते. शिवाय मीठ-पाणी कमी झाल्यामुळे शरीर घाबरून अल्डोस्टेरॉन वाढविते. मग सोडियम वाचविण्यासाठी पोटॅशियम खर्ची पडते. पायांत गोळे येतात, हातापायांतील शक्ती जाते, बद्धकोष्ठ होते, ठोके चुकतात. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला तर कमी पोटॅशियम विशेष घातक. पोटॅशियमबरोबर मॅग्नेशियमही जाते आणि ते भरून काढल्याशिवाय पोटॅशियम नीट वर येत नाही.

स्पायरोनोलॅक्टोनचा धोका याच्या उलट. पोटॅशियम साचते, आणि फार साचले तर हृदय पूर्वसूचना न देताही बंद पडू शकते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या औषधाने तीव्र हृदयविकाराच्या रुग्णांतील मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. डॉक्टर साहजिकच ते अधिक लिहून देऊ लागले. पण कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात त्यानंतर पोटॅशियम वाढून रुग्णालयात येणाऱ्यांची संख्याही वाढल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. औषध तेच, प्रश्न होता रक्त वेळोवेळी तपासण्याचा. रामिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी रक्तदाबाची औषधेही अल्डोस्टेरॉन कमी करून पोटॅशियम वाढवतात. ती स्पायरोनोलॅक्टोनबरोबर चालू असतील, किंवा मूत्रपिंड दुबळे असेल, तर तपासणी टाळून चालत नाही.

थायझाइड गोळीचा आणखी एक उपद्रव आहे तो सोडियम घसरण्याचा. जोरकस फ्युरोसेमाइडपेक्षा सौम्य थायझाइडने तो अधिक होतो, याचे मला नवल वाटले होते. कारण असे की, लांब वळसा हा मूत्रपिंडाचा लघवी दाट करण्याचा कारखाना आहे. फ्युरोसेमाइड तो कारखानाच मंद करते, त्यामुळे पाणी फारसे राखले जात नाही. थायझाइड त्याला हात लावीत नाही. ते केवळ लघवी पातळ करण्याची शक्ती कमी करते. मग व्हासोप्रेसिन पाणी राखीत राहते, मीठ मात्र जात राहते. वयस्क, किरकोळ बांध्याच्या स्त्रियांत हा धोका सर्वांत अधिक आणि तो बहुधा गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत दिसतो.

माझी आजी नेमकी अशीच. वय बहात्तर, वजन चाळीस किलो. रक्तदाबासाठी तिला नवी गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात तिचे जेवण सुटले, मळमळ सुरू झाली. एके दिवशी ती वारलेल्या आजोबांना हाका मारू लागली. दिवस चैत्राचे. कोणी म्हणाले ऊन बाधले, कोणी म्हणाले म्हातारचळ. भरपूर पाणी पाजा, असा सल्ला आला आणि तांब्यावर तांब्या पाणी पाजले गेले. मिठाने आधीच खंगलेल्या रक्तात ते आणखी पाणी. संध्याकाळपर्यंत तिला गुंगी आली. तालुक्याच्या रुग्णालयात रक्त तपासले, तेव्हा सोडियम ११४ होते.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि तीव्र मिठाचे सलाईन अगदी थेंबाथेंबाने सुरू केले. दर काही तासांनी रक्त घेत होते, लघवी मोजीत होते. काका अस्वस्थ होऊन म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मीठ कमी झालंय तर बाटली जरा जोरात सोडा की." डॉक्टर म्हणाले, "तसं केलं तर जास्त बिघडेल. मेंदूनं तीन आठवड्यांत स्वतःला या पातळ रक्ताशी जुळवून घेतलंय. एकदम दाट केलं तर त्याला इजा होईल." नंतर मी वाचले ते असे : सोडियम हळूहळू घसरले, तर मेंदूच्या पेशी आपल्यातील काही क्षार व इतर द्रव्ये बाहेर टाकून फुगणे टाळतात. मग रक्त झपाट्याने दाट केले, तर त्या पेशींतील पाणी ओढले जाते आणि मज्जातंतूंवरील आवरणे नष्ट होऊ शकतात. ती इजा कायमची ठरू शकते. म्हणून २४ तासांत ८ ते १० अंकांहून अधिक वाढ होऊ द्यायची नाही, असा दंडक आहे. गोळी बंद केल्यावर शरीर स्वतःच पाणी झपाट्याने सोडू लागते, म्हणून लघवीही मोजावी लागते.

पाचव्या दिवशी आजीने मला ओळखले आणि "परीक्षा कधी गं तुझी?" असे विचारले. घरी आल्यावर तिच्या कार्डावरचा इंग्रजी मजकूर मी शब्दकोश घेऊन वाचला. ग्रंथालयात मराठी विश्वकोशाचे खंड चाळले, गावातील डॉक्टरांना पुन्हापुन्हा प्रश्न विचारले. हा लेख त्यातूनच तयार झाला आहे.

घरच्यांनी काय पाहावे

पाण्याची गोळी वाईट, असा याचा अर्थ कोणी कृपया घेऊ नये. या गोळ्यांनी असंख्य लोकांचा पक्षाघात टळला आहे आणि असंख्य हृदयरोगी रात्री आडवे होऊन झोपू शकतात. आपल्या मनाने गोळी बंद करणे हे आपल्या मनाने ती चालू करण्याइतकेच धोक्याचे. पण काही गोष्टी घरच्यांच्या हाती आहेत.

गोळी सुरू झाली किंवा तिची मात्रा बदलली, की काही आठवड्यांच्या आत सोडियम, पोटॅशियम व क्रिएटिनिन यांची तपासणी केव्हा करायची, हे डॉक्टरांना विचारावे. हृदयाच्या रुग्णाचे वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, काही खाण्यापूर्वी करावे आणि वहीत लिहावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढले, तर ते पाणीच असते, लगेच कळवावे. जुलाब, उलट्या सुरू झाल्या किंवा जेवण सुटले, तर गोळी तशीच चालू ठेवावी का, हे त्याच दिवशी विचारावे. मे महिन्यात आपल्याकडे घामावाटे मीठ आधीच जात असते. त्या दिवसांत अधिक जपावे.

शहाळ्याविषयी दोन शब्द. रुग्णाला भेटायला जाताना शहाळे नेण्याची आपली रीत आहे. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम फार थोडे असते. म्हणून सोडियम घसरलेल्या रुग्णाला त्याचा उपयोग नाही, आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याला किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाला त्याने अपाय होऊ शकतो. बाजारात 'कमी सोडियमचे मीठ' मिळते. त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम असते, म्हणून तेही अशा रुग्णांनी विचारूनच घ्यावे. लोणचे, पापड आणि सुकी मासळी यांतले मीठ मात्र आपण हिशेबात धरीतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे, म्हणजे सपाट चमचाभरदेखील नाही.

आणखी एक. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि मीठ अडवून ठेवतात. पाण्याची गोळी व टेल्मिसार्टनसारखे औषध चालू असताना त्या घेतल्या, तर मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका असतो. आणि वयस्क माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागला, तर म्हातारचळ म्हणून सोडून न देता सोडियमची तपासणी करून घ्यावी. ती तपासणी बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी होते.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्याबरोबर आपण दोघादोघांच्या जोड्या करून घरोघर जावे आणि ज्यांना रोजची औषधे चालू आहेत, त्यांच्या औषधांची यादी मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्यावी : औषधाचे नाव, ते कशासाठी, केव्हा घ्यायचे, रक्ताची तपासणी मागे कधी झाली. मजकूर गावातील डॉक्टरांकडून किंवा आरोग्यसेविकेकडून तपासून घ्यावा. पाण्याच्या गोळीपुढे ती मीठ व पाणी बाहेर काढते, एवढे चार शब्द लिहावेत. हे काम करायला विज्ञान शाखा लागत नाही. स्वच्छ अक्षर आणि विचारण्याची चिकाटी लागते. या दोन्ही गोष्टी कला शाखेत कमी नाहीत.